आधी कबुली

"ती पोस्ट काढा, शांतीबाई. आत्ता, माझ्यासमोर," पास्टर म्हणाले.

उपासनेची घंटा व्हायची होती. चर्चच्या दारात चपला वाढत होत्या. लांबून, चिंचपाड्याच्या रस्त्यावरून, प्रचाराच्या गाडीचा कर्णा ऐकू येत होता.

शांतीबाईंनी मोबाईल तसाच हातात धरून ठेवला. गेली काही वर्षं त्या ब्लॉग लिहीत होत्या. त्यात गुडघ्याचं दुखणं असे, कोंबड्यांवरचा रोग असे, एखादं वचन असे आणि सरकारचा नवा कायदाही असे. ऊसतोडीला गेलेली, सुरतेत कामाला राहिलेली माणसं दर आठवड्याला तो वाचायची. 'राजकारण नको, मावशी, फक्त देवाचं लिहा,' असं कोणी म्हटलं की त्या उलट विचारायच्या, 'फुलीबाईच्या नवऱ्याला मसणवट्यात जागा कोणी नाकारली? देवाने?'

शुक्रवारच्या पोस्टमध्ये त्यांनी लिहिलं होतं, 'उमेदवार जालमसिंग रविवारी आपल्या वेदीपुढे आशीर्वाद घ्यायला येणार आहे. फुलीबाईच्या नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्याचं प्रेत अडवणारी माणसं याचीच होती. तिला शेताच्या बांधाला खड्डा खणून नवरा पुरावा लागला. प्रार्थना मी त्याच्यासाठीही करीन. पण त्याच्या डोक्यावर हात ठेवायला मी उभी राहणार नाही.'

"त्याने आवाराला फरशी कबूल केली आहे," पास्टर म्हणाले. "पावसाळ्यात म्हातारी माणसं चिखलात घसरतात."

"चिखलातून येऊ की. पाय धुऊन आत बसू."

"फरशीचं सोडा." पास्टरांचा आवाज उतरला. "बाहेर वारं कसलं आहे ते तुम्हीच लिहिता. उद्या कोणी चर्चवर दगड घेऊन आलं, तर मी फोन कोणाला करू?"

शांतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरात लहान पोरं होती.

"दगड आले तर मी दारात उभी राहीन," त्या म्हणाल्या. "पोस्ट नाही काढणार."

"मग रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणं सोडावं लागेल तुम्हाला."

घंटा झाली. त्या आत जाऊन बायकांच्या बाजूला बसल्या.

दुसरं गीत चालू असताना जालमसिंग आला. सोबतची माणसं मोबाईल उंच धरून कडेने उभी राहिली. गीत संपलं तसं पास्टरांनी त्याला पुढे बोलावलं. मंडळीला उभं राहायला सांगितलं. बाकं करकरली, सगळे उठले. शांतीबाई बसून राहिल्या. शेजारी फुलीबाईही बसूनच होती.

जालमसिंगने ते पाहिलं. हात जोडून तो हसला. "मावशी, मन्हावर राग शे का?"

"राग नाही, भाऊ." शांतीबाई आता उठल्या. "आमच्याकडे उपासनेला क्रम असतो. आधी कबुली, मग आशीर्वाद. तुमची कबुली व्हायची आहे."

"मांगलं सोडी द्या ना, मावशी."

"सोडू. त्यासाठीच तर बसलोय इथे. पण आधी तुम्ही बोला."

पास्टर म्हणाले, "शांतीबाई, पुरे." कोणीतरी त्यांचा पदर ओढला.

"मी तठे नव्हतू," जालमसिंग म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मन्हा काय संबंध?"

तेव्हा फुलीबाई उठली. चर्चमध्ये तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. गातानाही तिचे नुसते ओठ हलायचे. ती आपल्या बोलीत बोलली, आणि तिथल्या प्रत्येकाला ती बोली कळत होती. ती म्हणाली, "तू नव्हतास. तुझी जीप होती. रस्त्यात आडवी लावलेली. तिला वळसा घालून आम्ही माझ्या माणसाची खाट शेतातून नेली. काट्यातून नेली."

एवढंच बोलून ती खाली बसली.

कडेच्या माणसांपैकी एकाने मोबाईल खाली घेतला. मग दुसऱ्याने. पास्टरांचा हात उचललेला होता, जालमसिंगच्या डोक्यापासून वीतभर वर. तो तिथेच थांबला होता. त्यांनी जालमसिंगकडे पाहिलं. वाट पाहिली. जालमसिंगने मान वळवून आपल्या माणसांकडे पाहिलं. पास्टरांनी हात हळूच मागे घेतला.

जालमसिंगने वेदीला नमस्कार केला आणि माणसांसह निघून गेला. बाहेर गाडीचा कर्णा पुन्हा सुरू झाला, रस्त्याला लागला, लांब गेला.

उपासना पुरी झाली. शेवटच्या सूचना देताना पास्टरांनी खाली बघत सांगितलं, की पुढच्या रविवारपासून मुलांना आपली सून मयूरी शिकवेल. शांतीबाईंकडे कोणी पाहिलं नाही. दारात त्यांनी चपला घातल्या. फुलीबाईने त्यांचा दंड धरला, आणि दोघी चालत घरी गेल्या.

ऊन कलल्यावर शांतीबाई ओसरीवर बसल्या आणि नवी पोस्ट लिहिली.

'माझी तब्येत ठीक आहे. काल कोंबडीने बारा पिल्लं काढली. आज आपल्या उपासनेतून एक माणूस आशीर्वाद न घेता परत गेला, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मला रविवारच्या शाळेतून काढलं आहे, म्हणून पुढच्या रविवारपासून दुपारी शाळा माझ्या ओसरीवर भरेल. पास्टरांच्या घरच्या पोरांनीही यावं, मी वाट पाहीन. फुलीबाई गाणी शिकवणार आहे. आणि जालमसिंगभाऊंना यावंसं वाटलं तर त्यांनाही जागा आहे. खुर्ची नाही. चटई आहे.'