दार वाजवलं का?

त्या सिनेमाच्या शेवटी नायक रुसून गेलेल्या बायकोच्या दारात येतो, हात उचलतो आणि पडद्यावर अंधार होतो. थिएटरातून घरी येईपर्यंत आम्ही बहीण-भाऊ कडाकडा भांडलो होतो. ताई म्हणे, त्याने दार वाजवलं. मी म्हणे, छट्, माघारी फिरला. केस पिकले, तरी आमचा प्रत्येक फोन याच भांडणावर संपायचा.

यंदा त्याचा दुसरा भाग आला. पहिल्याच दृश्यात तो माघारी फिरला. मी जिंकलो; पण आता ताईशी भांडायचं कशावरून?

बाहेर येऊन तिला फोन लावला.

"पाहिलास?" तिने विचारलं.

"पाहिला. वाजवलं की नाही, काही कळतच नाही गं त्यात."

ताई पलीकडून खुदकन हसली.

"हो ना, मलाही नाही कळलं. पण वाजवलंच असणार त्याने."

"छट्," मी म्हणालो.