एकच निरोप

गच्चीवर कुरडया घालताना सुलभाकाकू म्हणाल्या, "उत्तरा, तुझं बाळ खाली नुसतं कुरकुरलं, तरी भिंती ऐकायच्या आणि अख्ख्या बिल्डिंगच्या बांगड्या थरथरायच्या! आज कशा गप्प गं?"

"कालच बांगड्यांचा कोड बदलला, काकू. वेबसाइटवर कुणी बटण सारखं दाबत राहिलं, तर आम्ही दाबणं थांबल्यावर एकदाच मोजतो. तसंच इथं. हुंदक्याहुंदक्याला निरोप नको."

"गुणाची गं बाई!"

उत्तरा सोऱ्या फिरवता फिरवता बांगडीकडे बघत होती. बांगडी शांत, म्हणजे कैवल्य शांत.

एवढ्यात सगळ्यांच्या बांगड्या थरथरल्या.

"आला बघ, एकदाच!" काकू हसल्या.

उत्तराच्या हातातून सोऱ्या निसटला. म्हणजे इतका वेळ कैवल्य रडत होता. आणि आत्ता थांबला होता.