आरशातलं जहाज

जीपीएस बंद पडल्यापासून कप्तान मला ताऱ्यांवरून जागा काढायला शिकवत होते. सेक्स्टंटच्या आरशात तारा धरायचा, अलगद खाली आणून क्षितिजावर टेकवायचा आणि कोन मोजायचा. पुढे खडक होते. माझं गणित मात्र जहाज रोज डोंगरावर नेऊन ठेवायचं.

एक गोष्ट मी बोलले नव्हते. आरशात ताऱ्याखाली एक जहाज दिसायचं. त्याच्या डेकवर एक बाई आमच्याकडे सेक्स्टंट रोखून उभी असायची आणि दरवेळी हताशपणे मान हलवायची. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर समुद्रावर काहीच नसायचं.

आज संध्याकाळी धीर करून सांगितलं.

“ती होय,” कप्तान म्हणाले. “ती सगळ्यांना दिसते. मी शिकत होतो तेव्हाही तिचं गणित असंच चुकायचं. तू तुझा तारा धर.”

मनावरचा दगड उतरला. मी पुन्हा तारा धरला, आणि गणित पहिल्यांदाच बरोबर आलं. खडक चांगले लांब राहिले होते. कप्तानांनी पाठ थोपटली.

मी पुन्हा एकदा आरशात पाहिलं. तिनं सेक्स्टंट खाली घेतला होता; तिचंही गणित आज जुळलं असावं. सुटका झाल्यासारखी हसत ती कुणाला तरी आमच्याकडे बोट दाखवत होती, आणि तिच्या जहाजाचं तोंड सावकाश आमच्या दिशेनं वळत होतं.