कडेचा ओरखडा

चित्र धूसर आलं, तरी उस्तादांचं फारसं बिघडणार नव्हतं. दोष द्यायला माणूस तयार होता. चित्र लख्ख आलं, तर श्रेय त्यांचं. दोन्हीकडून फायदाच. तरीही उस्ताद कंट्रोल रूममध्ये काळ्या पडद्यासमोरून हलायला तयार नव्हते.

तीस वर्षं ते दुर्बिणींचे आरसे घासत आले होते. डोंगरावरच्या दुर्बिणीत तारा पसरट दिसला, की ते म्हणत, "हवा." बहुतेक वेळा ते खरंही असे. ताऱ्याचा उजेड कुठून कुठून सरळ येतो आणि अगदी शेवटी, गरम-गार हवेत शिरला की डुलायला लागतो. तापलेल्या रस्त्यापलीकडचं माणूस डुलताना दिसतं तसा. त्या हवेच्या आडोशाने उस्तादांच्या बारीकसारीक चुकाही सुखाने नांदल्या.

हा आरसा मात्र दुर्बिणीबरोबर अवकाशात, हवेच्या वर गेला होता. मधे काहीच नाही, म्हणून दिसणार स्वच्छ. आणि चूक असली, तर तीही स्वच्छ दिसणार.

म्हणून दोष द्यायला माणूस लागला. ती त्यांची पुतणी, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. चार वर्षांपूर्वी तपासणी आटोपून, उस्तादांची सही होऊन आरसा तयार होता, आणि हिने कडेला हत्यार लागू दिलं. ओरखडा. ती कड पुन्हा घासण्यात पाच महिने गेले. तक्रार उस्तादांनी स्वतः लिहिली. पोरीची रवानगी पॅकिंग खात्यात झाली. तेव्हापासून सख्खा भाऊ त्यांच्याशी धड बोलत नव्हता.

पडदा उजळला. तारेच तारे, टाचणीच्या टोकाएवढे. एकही पसरलेला नाही. टाळ्या पडल्या. साहेबांनी उस्तादांना मिठीच मारली.

उस्ताद मोठ्या मनाने तडक पॅकिंग खात्यात गेले. पुतणी खोक्याला चिकटपट्टी लावत होती.

"झालं गेलं विसरू," ते म्हणाले. "तुझ्या ओरखड्याने काही बिघडलं नाही. साहेबांना सांगतो, घेतील तुला परत."

"काका, पहिल्या तपासणीत कडेला खोलगट दिसलं, तेव्हा काय म्हणाला होतात?"

"हवा. खोलीतली हवा हलली होती."

"सातही तपासण्यांत, नेमकी त्याच जागी? हवा अशी ठाण मांडून बसते होय?" तिने पट्टी दातांनी तोडली. "तीनदा सांगून पाहिलं. तुम्ही सही केलीत. आणि सही झालेला आरसा कोणी परत घासायला घेत नाही. ओरखडा पडला, तरच घेतात."



"मग तू… मुद्दाम?"

"एकदा वर गेल्यावर कुणाचा हात पोचणार होता, काका?"

बाहेर साहेब उस्तादांना हाका मारत होते. फोटो काढायचा होता. उस्तादांनी मनाशी मांडून पाहिलं. आरसा तिने वाचवला, नाव त्यांचं झालं, आणि शिक्षा चार वर्षं तिने भोगली. तीही त्यांच्याच तक्रारीवरून मिळालेली.