व्हितोच्या आत्याचं घर

“आंटी को बोलो, पलंग सरकाओ,” रुकय्या म्हणाली.

व्हितोने निमूटपणे ते आपल्या भाषेत व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिकडे दक्षिण इटलीतल्या डोंगरावरच्या जुन्या गावात त्याच्या दोनाता आत्याने एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने पलंग ओढला. मागच्या भिंतीवर ओल होती, चांगली छत्रीएवढी. इकडे दुबईशेजारच्या अजमानच्या फ्लॅटमध्ये रुकय्याच्या नवऱ्याने, गनी परकारने, कपाळावर हात मारला. घर घ्यायला निघालेला माणूस खोट काढतोच, पण त्याची बायको सासूच्या वरताण निघाली होती.

घर मात्र वेड लावणारं होतं. जुनं, पांढऱ्या चुन्याचं, कमानीच्या छताचं. दारातून दगडी पायऱ्यांची गल्ली खाली उतरायची आणि गच्चीवरून समुद्र दिसायचा. गनी दुबईत अल क्वोजच्या एका संगमरवराच्या गोदामात सुपरवायझर, व्हितो तिथलाच सेल्समन. आत्या एकटी, तिला आता घर झेपत नव्हतं. ते विकून शहरात मुलाच्या फ्लॅटवर जायचं म्हणत होती. व्हितोने फोटो दाखवले आणि गनी पाघळला. मार्चमध्ये तो रिटायर होणार होता. सगळी उमर गोदामात काढल्यावर अशा गच्चीवर बसून चहा प्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं. व्हिसाचं काय, असं मुलीने, झाराने, विचारलं तर म्हणाला, होईल, इन्शाल्ला.

अडचण एकच होती. त्यासाठी दाभोळच्या खाडीवरचं घर विकावं लागणार होतं.

ते घर रुकय्याचं. म्हणजे कागदावर गनीचं, पण बांधलं तिने, तेही अजमानमध्ये बसून. आखातातल्या माणसाचं गावातलं घर फोनवरच उभं राहतं. तिकडे गवंडी फोन फिरवतो, इकडून बाई ओरडते. जोत्यापासून कौलांपर्यंत तिने सगळं असंच करून घेतलं होतं, आणि राहायला मिळालं ते फक्त सुट्टीपुरतं. त्यामुळे गनीने विक्रीचा विषय काढला तेव्हा तो भांडणाच्या तयारीनेच बसला होता. रुकय्याने फोटो पुन्हा एकेक करून बघितले. मग म्हणाली, आधी त्यांचं घर तर बघू. गनीला इतका आनंद झाला की त्या दिवशी भांडी त्याने घासली.

तेव्हापासून दर रविवारी व्हितो जेवायला यायचा आणि जेवण उरकलं की आत्याला फोन लागायचा. रुकय्याने तिला गच्चीवरची पन्हळ साफ करायला लावली. अंगणाखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला लावलं. हे सगळं घर घेतल्यावर करा ना भाभी, असं व्हितो काकुळतीने म्हणायचा. गळकं घर मी घेणार नाही, हे तिचं उत्तर ठरलेलं. आत्याने गवंडी आणला, तर त्यालाही फोनवर घेऊन चुना किती दिवस भिजवला ते विचारलं. मग वरची खोली रिकामी कशाला, म्हणून गावातल्या शाळेची मास्तरीण भाडेकरू ठेवायला लावली. घरात माणसं वावरली की घर टिकतं, असं सांगून.

आत्याही हळूहळू रंगात आली. सुरुवातीला कुरकुरायची, आता रविवारी केस विंचरून फोनची वाट बघायची. मास्तरणीला जेवायला बसवून ताटं दाखवायची, रुकय्या तिला सांदणं दाखवायची. दोघी आपापल्या भाषेत बोलत सुटायच्या आणि व्हितो निवांत पुलाव खायचा. बायकोचा जीव त्या घरात रमला, आता काम झालंच, असं गनीने गोदामात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी व्हितो मिठाईचा भलामोठा डबा घेऊन आला, पण नजर वर करेना.

“गनीभाई, आंटी घर नहीं बेचेगी,” तो म्हणाला. “बोलती है, अब इधर क्या तकलीफ है? खलास.”

गनीने मिठाईचा डबा न उघडताच बाजूला सारला. व्हितोने पुन्हा पुन्हा माफी मागितली, आत्याला फोनही लावून दिला. आत्या रडत होती आणि हसतही होती, मागून मास्तरीण हात हलवत होती. रुकय्याने दोघींना भरभरून दुवा दिल्या. व्हितो गेल्यावर गनीचे डोळे भरून आले. इतके रविवार आपण दुसऱ्याच्या घराची डागडुजी करत बसलो, असं तो घोकत राहिला. रुकय्याला मनापासून वाईट वाटलं. तिने त्याचा हात हातात घेतला. चहा काय, दाभोळच्या ओट्यावरही पिता येतो, तिथूनही पाणी दिसतंच की, असं ती समजावत राहिली. अखेर गनीने नाक पुसलं आणि मान डोलावली. मार्चमध्ये गावी जायचं ठरलं.

झारा इतका वेळ आईकडे टक लावून बघत होती. ती तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

“मम्मा, डिड यू डू धिस ऑन पर्पज?”

रुकय्याने चहाचं आधण ठेवलं आणि मागे वळून बघितलं. गनी बाहेरच होता.

“घरात जीव रमला की कोण घर विकतं गो?” ती हळूच म्हणाली. “तिचं वाचलं, तरच माझं वाचणार होतं.”