मेनूतलं केशरी

सत्यजितने 'कार्यक्रम' हा शब्द दाबला. पान उघडलं आणि वरच्या मेनूत तो एकच शब्द केशरी झाला. मग त्याने 'वधू-वर' दाबलं. आता ते केशरी, बाकीचे पांढरे. कोलार रोडच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पडद्याकडे बघत बसलेल्या साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा," अध्यक्ष दिगंबरराव माइकमध्ये म्हणाले, "आपण वेबसाइटच्या कुठल्या पानावर आहोत ते आता पटकन कळतं. इतकी वर्षं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

इतकी वर्षं ती वेबसाइट रजनी चालवत होती. ती शेवटच्या रांगेत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. कोणाची श्रद्धांजली, कोणाची सोयरीक, गणपतीतल्या आरतीच्या पाळ्या, सगळं तिनेच टाकलेलं. टाळ्या तिनेही वाजवल्या. दोन बोटांनी.

रंग म्हणजे कोडच्या एका ओळीचं काम. सत्यजितने चार दिवसांपूर्वी तिच्याकडूनच पासवर्ड घेतला होता आणि वर विचारलं होतं, काकू, हे सगळं तुम्ही खुद शिकलात? त्या 'खुद'मध्ये कौतुक होतं की हसू, हे तिला तेव्हा ठरवता आलं नव्हतं. आता तिने ठरवलं, हसूच. त्याचे वडील चार इमलीच्या सरकारी बंगल्यात राहत होते, आई पहिल्या रांगेत होती, आणि दिगंबररावांची नजर त्या रांगेच्या मागे येत नव्हती.

मंडळात काम करणाऱ्याला चहा मिळतो, दाखवणाऱ्याला शाल. शाल घडी घालून टेबलावर तयार होती, नारळासकट.

"आणि रजनीताई," दिगंबरराव हातातला कागद वाचत म्हणाले, "वेबसाइटच्या तळाशी तुमचं नाव आहे ना, तिथे सत्यजितचं टाका. आत्ताच टाका, म्हणजे सगळ्यांना पडद्यावर दिसेल."

तळाशी बारीक अक्षरांत 'निर्मिती' असं होतं आणि पुढे तिचं नाव. ते कोणी वाचत नसे. ती वाचायची. रोज, काम संपलं की. तिने आपलं नाव खोडलं. त्याचं टाइप केलं, आडनावासकट, एकही चूक न करता. पडद्यावर नाव बदललं. पुन्हा टाळ्या.

तिच्या पुढच्याच रांगेतून नरहर काका उठले. कारखान्यातून निवृत्त झालेले, बरखेड्यात राहणारे, दहा वर्षांपूर्वी दृष्टी गेलेली. त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. हिंदी बाईच्या आवाजात, मराठीसुद्धा.

"पोरा, मला तुझे आभार मानायचेत," काका म्हणाले. आधी फोन नुसती यादी वाचायचा, त्यांना सगळी पानं सारखीच वाटायची. दिवाळीपासून तो मधेच थांबून सांगतो. त्यांनी फोन उंच धरला आणि अंगठा फिरवला. फोन बोलला, "मुख्य पान. कार्यक्रम, तुम्ही इथे आहात. वधू-वर."

"रंग मला काय कळणार," काका म्हणाले. "पण तू माझाही विचार केलास."

ते रजनीने केलं होतं. डोळ्यांना न दिसणारी एक ओळ, फक्त फोनला समजणारी. त्यासाठी तिने आठवडाभर घरी डोळ्यांवर ओढणी बांधून फोन चालवला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून पडद्यावर दाखवणार काय?

सत्यजितच्या चेहऱ्यावर प्रश्न आला. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, फोटोवाला म्हणाला, भैया, इधर देखो. पोरगा इधर बघून हसला. "थँक्यू काका," तो म्हणाला.

शालीचं एवढं काय, असं रजनी मघापासून स्वतःला सांगत होती. खोटं सांगत होती. तिला शाल हवी होती. नारळ हवा होता. त्या पोराच्या आईसारखं पहिल्या रांगेत बसून मान वळवून मागे बघायचं होतं. ते नाही तर नाही. पण ही एक ओळ तरी तिची होती, आणि तीही आता त्याच्या खांद्यावर गेली.

फाइल उघडीच होती. तिने ओळ शोधली, पुसली, सेव्ह केलं. एकदा खोकायला लागतो तेवढाच वेळ लागला.

काका खाली बसले होते. शेजारणीला पुन्हा ऐकवायचं म्हणून त्यांनी 'देणगी' दाबलं. फोन म्हणाला, "मुख्य पान. कार्यक्रम. वधू-वर. देणगी. संपर्क." त्यांनी अंगठा परत फिरवला. तीच पाच नावं, सपाट. तिसऱ्यांदा त्यांनी फोन कानाला लावून ऐकलं. शेजारीण पडद्याकडे बघत होती. तिथे 'वधू-वर' छान केशरी होतं.

"माझंच काहीतरी चुकतंय," काका पुटपुटले. मग उभे राहून त्यांनी मोठ्याने विचारलं, "रजनी कुठे बसलीय? बिघडलं की तीच बघते."

दिगंबरराव सत्यजितच्या खांद्यावर हात ठेवून फोटोत उभे होते. "असतील मागे कुठेतरी," ते ओठ न हलवता म्हणाले.

काका मागे वळले. रजनीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीसमोर त्यांनी फोन धरला.

"रजनी?"

फोन तिच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर होता. तिने श्वास रोखून धरला.