माशावरचं दही

“डॉक्टर काय तिला बायको करून नेनार हाय?” केसरकाकी म्हणाली आणि पदराने कपाळ पुसलं.

विनिताने दुकानातल्या दह्याच्या मशीनच्या नळाखालचं फडकं पिळलं आणि पुन्हा तिथेच घातलं. नेत्राच्या ओठाखालच्या पांढऱ्या डागाचा ना माशाशी संबंध, ना दह्याशी, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण नेत्राच्या आईला, म्हणजे या केसरकाकीला, आज ते ऐकायचं नव्हतं. शेजारी तिच्या घरात तळा गावाहून नेत्राला बघायला आलेले पाहुणे पोहे खात बसले होते. मुलाची आत्या बायजाबाई डाग बघून म्हणाली होती, दह्यानं उठला का ते त्या दहीवालीच्या तोंडून ऐकते, मग बोलू.

“खान्यानं झालं म्हनलं की रक्तातलं न्हाय ठरत, पोरी. पुढं तिच्या लेकरांना व्हायची भीती न्हाय. तू फक्त व्हय म्हन.”

“आनि माझं दुकान?”

‘व्हय’ म्हटलं की दुकानाचं काय होणार, ते दोघींनाही ठाऊक होतं.

रेवदंड्याच्या नाक्यापासून चौलपर्यंत दीड वर्षात फ्रोझन योगर्टची सात दुकानं उघडली होती. आपल्याकडे एकाचं चाललं की दहा जणांच्या हाताला खाज सुटते. मुंबईकर हंगामापुरते, बाकीचं वर्ष गावच्या पोरांवर काढायचं. आणि पोरं यायची ती सोमवारी-गुरुवारी, घरात मासे नसत तेव्हा. माशावर दही खाल्लं तर कोड उठतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पुढे पोरांनी ते हसण्यावारी नेलं. मशीनमधलं गार दही, ते कसलं दही! आणि ऐन भरात नेत्राला डाग उठला. केसरकाकीनेच बोंबील वाळत घालता घालता चारचौघींत कारण सांगून टाकलं. पाण्यात राहून माशाशी वैर घेतलेलं दही, ते टिकणार किती? सहा महिन्यांत सहा दुकानं मिटली. एकात आता चायनीज मिळतं, एकात मोबाइलची कव्हरं.

सातवं विनिताचं तेवढं राहिलं. नेत्रा माझ्या दुकानाची पायरी कधी चढलेली नाही, असं तिने भर नाक्यावर मुलांची शपथ घेऊन सांगितलं होतं. ते खरंच होतं. खरं तर नेत्रा कुठल्याच दुकानात गेली नव्हती. आमटीतलं कोकमसुद्धा ताटाच्या कडेला काढणारी पोर ती, दह्याला कशाला तोंड लावते! काकीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण डागाला कारण हवं होतं, आणि दही बिचारं उलटून बोलत नाही.

बायजाबाई आलीच. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिने मशीन वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाहेर अलिबागच्या रिक्षाची वाट बघत दोन बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांचं बोलणं थांबलं.

“केसरबाईंची पोरगी यायची का तुमच्याकडं?”

विनिताने काकीकडे पाहिलं नाही. शेजारच्या ओट्यावर नेत्रा उभी होती. हातात रिकामा ट्रे, अंगावर नवी साडी. आठ महिने ओढणीने झाकलेली हनुवटी आज उघडी होती. विनिताला तिची कणव आली आणि रागही आला. मेलीने एकदा येऊन खाल्लं तरी असतं.

“यायची,” विनिता म्हणाली. “माशाच्या दिवशीबी यायची. मी नको म्हनायची, पन ऐकायची न्हाय.”

बायजाबाईने मोठा सुस्कारा सोडला. “मंग खान्याचंच. तेवढंच बघायचं व्हतं.” उठताना तिने विनिताच्या हातावर मायेने हात ठेवला. “पन बाई, असलं इकू नये.”

रिक्षा आली. बाहेरच्या दोघी टोपल्या उचलून घाईघाईने आत बसल्या. अलिबागपर्यंत त्यांना बोलायला विषय मिळाला होता.

दुपारी काकीच्या घरातून साखर वाटली गेली. विनिताच्या हातावरही आली. तिने ती तोंडात टाकली, मनापासून टाकली. दिवेलागणीला नाक्यावरची पोरं दुकानासमोरून गेली. त्यांतलं एकही आत वळलं नाही. विनिता मशीन बंद करायला उठली, तेवढ्यात नेत्रा पायरी चढून आत आली.

“एक कप दे, वहिनी.”

“तुला कुठं आंबट चालतंय?”

“बोंबील खाऊन आलेय.”

विनिताचा हात नळावर थांबला. “येडी झालीस? ठरलं ना आता? मी खोटं बोलले, तुला माहीत हाय.”

“माहीत हाय.”

नेत्राने स्वतःच कप घेतला आणि नळाखाली धरला. पहिल्या चमच्याला तिने डोळे गच्च मिटले. अंगावर शहारा आला. तिने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, तोंड न पुसता खात राहिली.

“पाव्हन्यांचं समाधान झालं. आयेचं झालं.” तिने कप तळापासून खरवडला आणि पुन्हा विनितापुढे धरला. “ह्यानं दुसरा डाग उठू दे, वहिनी, म्हंजे खान्याचंच हाय हे मलाबी पटंल. मग मला पोर व्हायची भीती न्हाय वाटनार.”